मूळपुरुषाच्या हातातली माळ

मोतीलाल नानांना मूळपुरुष सापडण्यात चार फायदे होते, आणि ते चारही त्यांनी मूळपुरुष सापडायच्या आधीच मोजून ठेवले होते.

पहिला फायदा चुलतभावाचा. लोटन आबांचं घर नानांच्या घराला पाठ लावून उभं आहे आणि दोन्ही घरांत थोरली पाती कोणाची यावरून तीन पिढ्यांचा वाद आहे. मूळपुरुष ज्याच्या देवघरात, थोरलं घर त्याचं. तिथे आबांचं तोंड बंद. दुसरा फायदा बाजार समितीचा. ज्याचा पणजोबा दगडात कोरलेला आहे त्याला मत देताना माणूस फार विचार करत नाही. तिसरा कॉलेजचा. नाना ज्या संस्थेचे अध्यक्ष आहेत तिच्या कॉलेजला मूळपुरुषाचं नाव दिलं, की अध्यक्षपद किती वर्षं एकाच घरात राहणार हे विचारायची सोयच उरत नाही. चौथा फायदा नाना उघड बोलत नसत. गावातली काही वाईट तोंडं म्हणायची, की नानांचा जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, कापसावर कमी आणि वजन वाढवायला कापसावर मारलेल्या पाण्यावर जास्त चालला. पणजोबा धार्मिक निघाला तर ते पाणी आपोआप तीर्थ होतं.

चोपड्याहून यावलकडे निघालं की डाव्या हाताला नानांचा जिन लागतो. दरवर्षी गणेश चतुर्थीला तिथे काटापूजन होतं. सातपुड्याच्या पायथ्याला लवकर लावलेला बागायती कापूस तेव्हा नुकता फुटलेला असतो. वजनकाट्याला हार घालतात, नारळ फोडतात, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात आणि त्याच्या कापसाला मुहूर्ताचा भाव देतात. हा भाव एका दिवसाचा पाहुणा. पेपरात छापून येतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गावाला निघून जातो. त्या वर्षीच्या काटापूजनाला जिनच्या नव्या दगडी कमानीवर मूळपुरुषाचं अनावरण करायचं, असं नानांनी ठरवलं.

मूळपुरुष म्हणजे एक तांब्याचा तुकडा. जुन्या आठ आण्याच्या अधेलीएवढा, गोल. नानांच्या देवघरात खंडोबा आणि सप्तशृंगीच्या टाकांशेजारी तो पाच पिढ्या बसलेला. त्याच्या एका बाजूला गुडघ्यावर बसलेला, उघड्या अंगाचा माणूस आहे. त्याचे हात जोडलेले आहेत आणि हातांतून माळेसारखं काहीतरी लोंबतं आहे. दुसऱ्या बाजूला फक्त दोन हात, एकमेकांत धरलेले. कडेला कधीकाळी अक्षरं होती, पण दर सणाला चिंचेनं घासून घासून ती अक्षरं चिंचेबरोबर मोरीत गेली.

घरातली कथा अशी, की नानांचे पणजोबा हिलाल पाटील अमेरिकेच्या लढाईच्या साली कापसात उभे राहिले. ते रोज पहाटे शेतात गुडघे टेकून जप करत. त्यांच्या कापसावर खूश होऊन गोऱ्या साहेबानं त्यांची मूर्ती तांब्यात पाडून दिली. पुढच्या बाजूला जप, मागच्या बाजूला सौदा. बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात ना, तसा साहेबाचा आणि पाटलांचा हात. उपरणं का दिसत नाही, असं एकदा नानांच्या धाकट्या सुनेनं विचारलं होतं. तिला सांगण्यात आलं, साहेबाकडे उपरणं नसतं.

कमान घडवायचं काम नशिराबादच्या रमजान मिस्तरीला मिळालं आणि अनावरणाच्या भाषणाचं काम दिपमालाला.

दिपमाला नानांच्याच कॉलेजात इतिहास शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितका पगार, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पगार नाही, आणि हजेरीपटावर नाव पेन्सिलीनं. नऊ वर्षं हे चाललेलं. त्या वर्षी मात्र इतिहासाची एक कायम जागा मंजूर झाली होती आणि गणपती उठले की मुलाखत होती. ती जागा मिळाली तर दिपमाला माणसांत येणार होती. वडिलांना यावलच्या भाड्याच्या खोलीतून काढणार होती. नाही मिळाली तर चाळिशीच्या उंबऱ्यावर पुन्हा पेन्सिल. नाना निवड समितीत होते. भाषण तिलाच का सांगितलं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भाषणात टाकाचं वर्णन हवं म्हणून ती एका सकाळी नानांच्या घरी गेली. देवघर मंजुळाबाईंच्या ताब्यात. मंजुळाबाई म्हणजे नानांची थोरली विधवा बहीण. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं आणि नाना त्यांना घाबरतात.

"दख वं माय, पन हात धुईसन," अक्कांनी टाक तिच्या तळहातावर ठेवला. "कालदिन आंघोळ घाली शे त्याले."

दिपमालानं टाक उजेडाला धरला आणि तशीच थांबली. मग उलटा केला. दोन हात पाहिले. पुन्हा सुलटा केला.

"काय व्हयनं? देव चावना का?"

"अक्का, फोटो काढू का याचा?"

"काढ ना. मोत्यानी तं त्याना एवढा मोठा फ्लेक्स करेल शे. देवले आते कोनतीच लाज ऱ्हायनी नही."

हा माणूस दिपमालाच्या ओळखीचा होता. नऊ वर्षं ती दुसऱ्या वर्षाला गुलामगिरीचा धडा शिकवत होती आणि पुस्तकात, पानाच्या कोपऱ्यात, हाच गुडघ्यावरचा माणूस होता. घरी जाऊन तिनं मोबाइलवर विलायतेतल्या एका संग्रहालयाचं पान उघडलं आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तोच गुडघा, तेच हात. तिथल्या नाण्यावर कडेची अक्षरंही शाबूत होती. बेडीतला माणूस विचारत होता, मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? मागच्या बाजूचे हात सौद्याचे नव्हते, भाऊपणाचे होते, आणि जगातली गुलामी आणि जुलूम बंद होवो असं त्यांच्याभोवती लिहिलं होतं. अडीचशे वर्षांमागे विलायतेतल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी ते चित्र काढलं आणि असले बिल्ले पाडून वाटले. कुठल्या कापूस-साहेबाच्या खिशातून एक खानदेशात आला आणि इथे आल्यावर त्याला चिंच आणि कुंकू लागलं. हात जोडलेला माणूस दिसला की आपल्याकडे तो भक्तच असतो. आणि हातातून काही लोंबत असेल तर ती माळच असणार, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी ती जिनवर गेली. तिनं ठरवलं होतं की स्टेजवर धक्का द्यायचा नाही. जे आहे ते आधी मालकाला सांगायचं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. नाना ऐकतात चांगलं. व्यापारी माणसाला ते भागच असतं.

"म्हणजे हा हिलाल पाटील नाही?"

"नाही."

"मग नाव काय याचं?"

"नाव कोणालाच माहीत नाही, नाना. आफ्रिकेतून धरून नेलेला माणूस. असे लाखो नेले."

"बिननावाचा माणूस दीडशे वर्षं आमच्या देवघरात जेवला?"

"हो."

"आणि ही माळ?"

"बेडी आहे."

नानांनी टेबलावरच्या नमुन्यातला कापूस चिमटीत धरून ओढला, धाग्याची लांबी पाहिली. "मॅडम, एकच माल दोन माणसं बघतात. एकाला किडकी कवडी दिसते, दुसऱ्याला पांढरा धागा. दोघं खरे. पण काट्यावर कोण बसतो, त्याला जे दिसतं त्याची पावती होते." मग अगदी मायेनं विचारलं, "तुमची मुलाखत गणपती उठल्यावरच ना?"

"हो."

"मग दहा मिनिटं बोला. कापसाबद्दल बोला, पाटलांच्या कष्टाबद्दल बोला. माळेचं काही काढू नका. दगड घडून तयार आहे."

दगड पाहायला ती एसटीनं नशिराबादला गेली. हायवेला लागून रमजान मिस्तरींचा कारखाना. वर पत्रा, खाली दगडाचा चुरा, आणि त्या चुऱ्यात बसून चहा पिणारे मिस्तरी. भिंतीला टेकून मूळपुरुष उभा होता, म्हणजे गुडघ्यावर होता. काम सुंदर झालं होतं. पाठीची रेघ, ताणलेली मान. हातांत मात्र एकशे आठ मण्यांची माळ, खाली गोंड्यासकट.

"मिस्तरी, हे मणी कसे काय?"

"बेटी, फोटोत तो मेरेको कड्या दिसल्या होत्या. मी नानांना बोललो, ये जंजीर लगती. नाना बोलले, मिस्तरी, डोळे तपास." मिस्तरी हसले. "मी डोळे तपासले. नानांचं बिल निघायचं बाकी होतं, म्हणून नजर एकदम साफ झाली. गोंडा मात्र मी माझ्या मनानं टाकला. खोटं करायचं तो पूरा करना."

"आणि पुन्हा कड्या करायच्या म्हटलं तर?"

"मणी मोठे आहेत. त्यातून कडी निघते. कड्यातून मणी नसता निघाला." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू बोलणार का?"

"माहीत नाही."

मिस्तरी उठले आणि कोपऱ्यातल्या एका दगडी पाटीवर पडलेलं पोतं सारखं करून आले. ते पोतं तसं आधीही सारखंच होतं. दिपमालाचं तिकडे लक्ष नव्हतं.

परतीच्या गाडीत तिनं वडिलांना फोन लावला. वडील उखर्डू नाना यावल डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला ते गिअर टाकूनच उत्तर देतात.

"बोलशी तर नोकरी जाई?" त्यांनी विचारलं.

"जाईल."

"नही बोलशी तर भेटी?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे पाटी नसलेली गाडी. तिच्यामा बशीसन कोठे जाशी?" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हाई दख पोरी, बोलनं व्हई तर बोल. पण घाट उतरताना करतस तशी कर. ब्रेक एकदम नको मारू. मांगे लोक बठेल राहतस."

दिपमाला हसली. चोपडा येईपर्यंत तिचा हिशेब झाला होता. त्या माणसाला एकदा बेड्या घातल्या, तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही. आता त्या बेड्यांवर माळ घालायची, म्हणजे बेडी होती हेही पुसायचं. आणि ते काम इतिहासाच्या बाईकडून करून घ्यायचं, पेन्सिल पुसून पेन देण्याच्या बोलीवर. तिला तो सौदा महाग वाटला.

चतुर्थीला जिनवर गर्दी झाली. काट्याला झेंडूचा हार. पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी घातली, ती त्याला मोठी झाली, डोळ्यांवर आली. मुहूर्ताचा भाव त्याला फक्त ऐकू आला. स्टेजवर खुर्चीवरून थोडी ओढाताण झाली, कारण लोटन आबा न बोलावता वर चढले होते.

"हिलाल पाटील मना बी पणजा शे," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "थोरली पाती आम्हनी. दगडवर मनं नाव कोठे शे?"

"आबा, बसा. नाव पुढल्या दगडावर," नाना दात न उघडता म्हणाले.

पडदा ओढला. टाळ्या झाल्या. गुडघ्यावरचा माणूस गोंड्याच्या माळेसह सगळ्यांकडे बघत होता. दिपमाला माईककडे गेली. नानांनी स्टेजवरच्या खुर्चीतून तिला हातांची दहा बोटं दाखवली.

"नानांनी मला कापसाबद्दल बोलायला सांगितलं आहे," तिनं सुरुवात केली, "म्हणून मी कापसाबद्दलच बोलते. अमेरिकेच्या लढाईच्या साली खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपल्या घराघरांत सांगतात. जळगाव त्याच साली कापसाची मोठी पेठ झाली. पण भाव का आला, हे कोणी सांगत नाही."

"साहेब खूश व्हयना म्हनून!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

दिपमालाही हसली. "साहेब अडचणीत आला म्हणून. विलायतेच्या गिरण्यांना कापूस यायचा अमेरिकेतून, आणि तिथे तो वेचायचा कोण? आफ्रिकेतून धरून आणलेली, विकत घेतलेली माणसं आणि त्यांची पोरं. वेचणीचं वजन कमी भरलं की पाठीवर चाबूक. आपल्याकडे काट्यावर भांडण होतं, तिथे काट्यावर रक्त निघायचं. मग उत्तर आणि दक्षिण अशी लढाई लागली, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं रोखली आणि कापूस अडला. हे पुस्तकात असतं. त्याच्या पुढचं मी सांगते. लढाई जवळ आली असं दिसल्यावर ती माणसं कापूस सोडून निघाली. रात्री निघाली, नदीतून निघाली, पोरं पाठीला बांधून निघाली. चार-पाच लाख माणसं. त्यांना कोणी मोकळं करायची वाट त्यांनी पाहिली नाही. जवळजवळ दोन लाख काळे गडी फौजेत शिरले आणि ज्यांच्या शेतात राबले त्यांच्यावर चालून गेले. तिकडे वेचणारे हात थांबले, तेव्हा इकडे आपल्या बोंडाकडे साहेबाची नजर वळली."

गर्दीत बसलेल्या वेचणीच्या बाया पुढे सरकल्या. 'वेचणारे हात थांबले' हे त्यांना लगेच कळलं होतं. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

"आणि हे काही त्या साली सुरू झालं नव्हतं. गलबतात घालून नेत होते तेव्हापासून ते उठत होते. जमैका नावाच्या बेटावर पळालेली माणसं डोंगरात राहिली, आपल्या सातपुड्यात भिल्ल राहून इंग्रजांशी लढले तशी, आणि शेवटी इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. हैतीत तर गुलामांनी फ्रान्सची फौज हरवली आणि स्वतःचं राज्य उभं केलं. हॅरिएट टबमन नावाची एक बाई, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती स्वतः पळाली, सुटली, आणि मग परत गेली. पुन्हा पुन्हा गेली आणि सत्तरेक माणसं काढून आणली. सुटलेलं माणूस परत जातं का हो? ती गेली." ती थांबली. घाटातलं वळण आलं होतं. तिनं ब्रेक हळू दाबला. "आता तुम्ही म्हणाल, याचा आणि हिलाल पाटलांचा काय संबंध. तर तुमच्यासमोर दगडात जो आहे, तो हिलाल पाटील नाही. तो त्या माणसांपैकी एक आहे. नानांच्या घरचा टाक हा गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा बिल्ला आहे. त्याच्या हातात माळ नाही. बेडी आहे."

सगळ्यांच्या माना एकदम कमानीकडे वळल्या.

पहिले सावरले लोटन आबा. "म्हणजे हाऊ आपला पणजा नही?"

"नाही, आबा."

"हबशी शे?"

"आफ्रिकेतला आहे."

"मंग मना त्यानासंगे काही संबंध नही!" आबा खुर्चीवरून उठले. "थोरली पाती मोतीलालनी. मी आजपासून धाकला. लिही घ्या बठ्ठा जन!"

हशा फुटला. तीन पिढ्यांचा वाद मिटला होता, पण नानांना आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. ते उठून माईककडे निघाले. चेहरा तांब्याचा झाला होता. दिपमाला जागची हलली नाही.

"मोत्या, खाले बस!"

बायकांच्या बाजूनं अक्का उठल्या होत्या. गावात नानांना मोत्या म्हणणारं एकच माणूस जिवंत आहे आणि गावातली तीन कुत्री त्याच नावाची आहेत. लोकांनी तोंडाला रुमाल लावले. नाना बसले.

"माले बोलू द्या," अक्का म्हणाल्या. "हाऊ पणजा नही, हाई बरंच व्हयनं. पणजाले आपण वरीसमा एकदाव आठवतस. ह्याले मी रोज आंघोळ घालस, निवद दाखाडस. त्याना हातमा बेडी शे, हाई मना बोटले कव्हानंच समजनं व्हतं. मी म्हनू, देवले बेडी कसाले? मंग म्हनू, ऱ्हाई काही. आते ही पोर सांगस, माणूस शे, आनि लढना शे." त्या कमानीकडे वळल्या. "पाच पिढ्या आम्हना घरनं अन्न खादं त्यानी. आते काय त्याले भाहेर काढशात? काळा शे म्हनीसन? इठोबा काय गोरा शे का?"

वेचणीच्या बायांतून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळीकडून वाजली.

"रमजान!" अक्कांनी हाक मारली. "ते मणी काढ. बेडी कर. आनि कडी झाली की तोड ती."

"तोडतो, अक्का." मिस्तरी गर्दीतून हात वर करून म्हणाले.

"आनि उभा करता येई का त्याले?"

मिस्तरींनी डोकं खाजवलं. "गुडघा दगडात गेला आहे, अक्का. उभा करायचा तो नवा दगड लागेल."

"मॅडम?" अक्कांनी दिपमालाला विचारलं. "तो बठेल व्हता का खरंच?"

"नाही अक्का," दिपमाला म्हणाली. "चित्र काढणारे भले लोक होते, पण त्यांना तो गुडघ्यावरच दिसला. त्यांनी हात जोडलेला दाखवला. तो तोपर्यंत उठलेला होता."

"मंग नवा दगड लागी, मोत्या."

आता नानांची कमाल पाहा. हा माणूस उगाच तीस वर्षं कापसात नाही. त्यांनी टाळ्या मोजल्या, वेचणीच्या बायांकडे पाहिलं, पेपरवाल्याच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, बाजार समितीची मतं डोक्यात एकदा उलटीसुलटी केली आणि माईक हातात घेतला.

"मित्रहो," नाना म्हणाले, आणि आवाज चक्क भरून आला होता, "मॅडमना मीच सांगितलं होतं. म्हटलं, दहा मिनिटं बोला, पण खरं तेच बोला. खानदेशात असा पहिला जिन आपला, जिथे गुलामीविरुद्ध लढलेल्या माणसाची कमान आहे!"

टाळ्या दुप्पट झाल्या. दिपमालानं सुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात नानांचा फोटो आला, मागे कमान, आणि मुहूर्ताच्या भावाची बातमी त्याखाली लहान चौकटीत गेली.

गणपती उठले. मुलाखत झाली. नानांनी तिला एकच प्रश्न विचारला, तोही हसून: "मॅडम, तुम्हाला संस्थेची शिस्त मान्य आहे का?" ती म्हणाली, "संस्थेची हो." जागा नानांच्या जावयाच्या मावसभावाला, हितेंद्रला मिळाली. तासिकाही मिळणार नाहीत, असं शिपायाकडून कळलं.

ती नशिराबादला गेली, कारण कमानीवरून उतरवून आणलेल्या दगडावरची बेडी बघायला मिस्तरींनी बोलावलं होतं. मण्यांच्या कड्या झाल्या होत्या, मधली कडी तुटून लोंबत होती. गोंडा गेला होता. त्याच्या जागी दगडात एक खळगा राहिला होता, तो मिस्तरींनी तसाच ठेवला होता.

"छान झालंय," ती म्हणाली. "नोकरी गेली, मिस्तरी."

मिस्तरींनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन पाटीवरचं पोतं उचललं. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं: प्रा. हितेंद्र, विभागप्रमुख, इतिहास.

"ही ऑर्डर कधीची?"

"कमानीबरोबरची. एकाच गाडीत दोन्ही दगड आले."

दिपमाला पाटीकडे बघत राहिली. "म्हणजे मी गप्प बसले असते, तरी..."

"तरी."

"तुम्हाला माहीत होतं. मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, ते गुश्श्यानं बोलली असतीस." मिस्तरींनी पोतं परत टाकलं. "नुकसान होणार असं समजून बोललीस, म्हणून ते तुझं आहे. माझ्या पाटीचं नाही."

ती आधी रागावली. मग तिला हसू आलं, आणि चहा येईपर्यंत ते वाढत गेलं. नवरात्रात ती धुळ्याच्या एका कॉलेजात मुलाखतीला गेली. तिथे तिला विचारलं, की जिनवरच्या कमानीची बातमी वाचली, ती शिकवणारी तुम्हीच का. सध्या ती धुळ्यात आहे. हजेरीपटावर नाव पेनानं आहे आणि उखर्डू नाना तिथल्या स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासतात.

तेव्हा कोणी किती भरलं, त्याचा हिशेब आता एकदा लावून टाकू. मोतीलाल नानांनी एका दगडाचं काम दोनदा करून घेतलं आणि बाजार समिती जिंकली, ते फायद्यात. लोटन आबांनी काहीच भरलं नाही, फक्त थोरलेपण सोडलं. कमान पाहायला बाहेरचे लोक यायला लागल्यापासून ते परत मागतायत. हितेंद्रला खुर्ची मिळाली, पण अक्कांच्या हुकमानं दर काटापूजनाला त्याला कमानीखाली उभं राहून पोरांना सांगावं लागतं, की हा कोण. पहिल्या वर्षी त्यानं ते दिपमालाला फोन करून विचारून घेतलं. तिनं सांगितलं. दिपमालानं जी जागा घालवली ती तिची कधी नव्हतीच, म्हणजे तिच्या नावावर खर्च पडतो तो फक्त नऊ वर्षांचा, आणि तो आधीच झालेला होता. अक्कांनी रोजचा निवद भरला, अजून भरतायत.

राहिला गुडघ्यावरचा माणूस. नानांचं घर, जिन, कॉलेज, त्यातली हितेंद्रची खुर्ची, सगळ्यांची पहिली रक्कम त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी भरली, चाबकाखाली वेचून आणि मग वेचणं सोडून. त्याच्या खात्यावर जमा एवढंच: मुहूर्ताच्या गाडीतलं पहिलं बोंड, एक नारळ, आणि रोजची आंघोळ. उभा राहण्याचा नवा दगड नानांनी पुढल्या वर्षावर टाकला आहे. तेवढी बाकी निघते.